मी मागं उभा हाय

आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर पोरांची तक्रार कधी पुढं पोचवायचे नाहीत. कुणी रडत आलं की म्हणायचे, “मला कशाला सांगायलीस? ज्याला सांगायचं त्याला सांग. मी मागं उभा हाय.” आणि खरंच मागं उभे राहायचे, हात पाठीशी बांधून, एक शब्द न बोलता. मला त्यांचा रागच यायचा.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. टँकरचं पाणी शाळेच्या रांजणात भरलं जायचं. शिपाई सगळ्यांना पेला द्यायचा. बौद्धवाड्यातल्या मुलींच्या ओंजळीत मात्र वरून धार सोडायचा. निम्मं सांडायचं.

एकदा लातूरहून साहेब तपासणीला आले. “पाणी पुरतं ना?” त्यांनी सातवीच्या वर्गात विचारलं. हेडमास्तर हो म्हणाले. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उठली.

“आमाला पेला देत न्हाईत, साहेब,” एवढं बोलून ती अडकली.

मास्तर दाराशी उभे होते. त्यांचे ओठ हलले, पण त्यांनी ते दाबून धरले.

मुलीनं ओंजळ पुढं केली. “वरून ओततात. सांडून जातं.”

“कुणी शिकवलं हे बोलायला?” हेडमास्तरांनी दरडावलं.

“तहान मला लागती, गुरुजी.”

मास्तर तिच्याकडं बघत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. सातवीची वर्गशिक्षिका मी होते, आणि रोज त्या रांजणाजवळूनच वर्गात जात होते.