फुग्याला श्वास

तुमच्या माणसाचा श्वास कोंडला आहे आणि पलीकडच्या खोलीत टेबलावर श्वास देणारं यंत्र सुरू आहे. तुम्ही थांबाल?

आमच्या भूलवाल्या बाई थांबल्या.

आणीबाणी उठल्यानंतरचे दिवस. सांगलीच्या एका इस्पितळात बाई भूल देत आणि मी तिथल्या वर्कशॉपात फिटर होतो. आम्ही दोघांनी एक यंत्र जुळवलं होतं, बारीक नळीतून ऑक्सिजनचे झोत भराभर सोडणारं. माणसाच्या छातीऐवजी फुटबॉलचा ब्लॅडर जोडलेला. बघणारे हवा आत जाताना बघायचे. बाई मात्र हवा बाहेर पडायच्या तोंडाशी गाल धरून बसत. "आत ढकलणं कुणालाही जमतं. बाहेर येतंय का, ते बघा."

दुपारी यंत्र तापलं की झडप अडकायची आणि ब्लॅडर टरारून फुगायचा. मी मोर्च्यांची पत्रकं लिहितो हे बाईंना ठाऊक होतं. "तुमच्या पत्रकांसारखंच आहे हे," त्या हसायच्या. "जोर भरपूर, मोकळीक नाही!"

मग त्यांचे यजमानच आजारी होऊन आले. गणित शिकवणारे सर, छाती न्यूमोनियाने भरलेली. झडप आम्ही आदल्याच दिवशी बदलली होती, तिची चाचणी चालू होती. बाई हाताने रबरी पिशवी दाबून सरांना श्वास देत होत्या, बोटं वळेपर्यंत. रहिमतपूरहून सरांचे धाकटे भाऊ आले. वर्कशॉपच्या दारातून त्यांनी यंत्र पाहिलं आणि ते धावत सरांच्या खाटेपाशी येऊन ओरडले,

"आवं वैनी, लावा की ते! फुग्याला श्वास देतंय, अन् माझ्या भावाला न्हाई व्हय?"

"फुगा फुटला तर दुसरा आणता येतो, भावजी."

संध्याकाळी सर गेले.

दिवसकार्य आटोपून बाई कामावर आल्या त्या थेट वर्कशॉपात. यंत्र सुरू करायला लावलं. ते दिवसभर चाललं. तापलं, तरी झडप अडकली नाही. बाईंचा गाल हवा बाहेर पडायच्या तोंडाशीच होता, ओला. "म्हणजे त्या दिवशी..." एवढंच म्हणाल्या. मग पदराने डोळे पुसले. "उद्या परत लावा. एका दिवसाचं काही खरं नसतं."

भावजी त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत. बाई गेल्या तेव्हाही आले नाहीत. नवऱ्यापेक्षा नियम मोठा केला, असं लोक अजून म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. परक्याच्या छातीवर जे करायचं नाही, ते स्वतःच्या माणसावरही करायचं नाही, असं वागलेली मी ती एकच व्यक्ती पाहिली.

तुमच्या गावच्या इस्पितळात नव्या यंत्राला हार घालतील, नारळ फोडतील. तेव्हा मागे उभे राहू नका. पुढे व्हा आणि मोठ्याने विचारा: हे टेबलावर किती दिवस चाललं, आणि बाहेर येणारी हवा कुणी गालावर घेतली?