बोलता येईल इतकंच चालायचं

करिश्मावैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, ईश्वरदादाची बायको. माहेर शिरूर तालुक्यातलं, कवठे येमाई. लग्न होऊन भांडगावात आली तेव्हा सत्तर किलोची होती, पाच वर्षांत ब्याऐंशीची झाली. शेवंती तोडायला बसली की दोन बायकांचं काम एकटी उरकायची आणि वर अशा गप्पा हाणायची, की शेजारच्या रानातल्या बायका पाट्या घेऊन आमच्या बांधाला सरकायच्या. वजनाचं तिला काही वाटत नव्हतं. मूल होत नव्हतं, ते मात्र तिला खात होतं. पाळी कधी चाळीस दिवसांनी यायची, कधी साठ.

दौंडच्या डॉक्टर मॅडमनी तपासून सांगितलं, वजनामुळं हार्मोन बिघडलेत. पाच-सहा किलो उतरवा, रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला, जेवण तोडू नका. वैनीनं घरी येऊन हे सांगितलं आणि मी फिस्सकन हसले. मी तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होते. आठशे मीटर पळायचं, गोळा फेकायचा, अंगात नुसती मस्ती.

"चालायला तुम्ही काय म्हाताऱ्या झालाय?" मी म्हणाले. "चालून कुठं वजन उतरतं व्हय? माझ्यासंगं पळायला चला. तीन महिन्यात बघा."

ती आली. माझ्यावर विश्वास ठेवून आली, हे आता लिहितानाही टोचतं. रोज सकाळी कालव्याच्या रस्त्यावर मी शिट्टी वाजवायची आणि तिनं पुलापासून विजेच्या डीपीपर्यंत जीव तोडून पळायचं. परत फिरायचं, परत पळायचं, अशा वीस फेऱ्या. संध्याकाळी दोरीच्या उड्या. भाकरी मी दोनावरून एकावर आणली, मग अर्ध्यावर. एवढी बोलकी बाई, पण त्या रस्त्यावर तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. तीन महिन्यांत चौदा किलो उतरले. मी गावभर छाती पुढे काढून फिरले.

मग तिची पाळी थांबली. पंचाहत्तर दिवस झाले, ऐंशी झाले. एका सकाळी पळून आल्यावर ती मोरीत ओकली. माझ्या आईनं, मालनबाईनं, ते पाहिलं, बोटांवर दिवस मोजले आणि देवापुढं साखर ठेवली.

"तुझ्या पळवण्यानं झालं बघ, वैष्णवे," आई मला म्हणाली.

मला तेव्हाच शंका आली होती. शंका कसली, मला माहीतच होतं. आमच्या भरतीच्या क्लासमधल्या दोघी-तिघींची पाळी सरावानं थांबली होती. माझीही दोन महिने थांबली होती, आणि आम्ही कटकट मिटली म्हणून टाळ्या दिल्या होत्या. रिकाम्या पोटी पळून मीही ओकले होते. हे सगळं जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. आईच्या तोंडचं कौतुक फार गोड लागत होतं.

मी वैनीला विचारलं, "किट आणू का?"

"नको, ताई. पाच वर्षांत सात येळा एकच रेघ बघितली. आता घर हसतंय तर चार दिवस हसू द्या." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "तुमाला काय वाटतं? असंल ना?"

"असंल की," मी म्हणाले.

आईनं गुपचूप चोरओटी भरली. शेजारच्या नकुशीकाकू आणि आणखी दोघी आल्या. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हातात हिरव्या बांगड्या. वैनी खालमानेनं बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. मी फोटो काढत होते.

आठ दिवसांनी मी तिला दौंडला सोनोग्राफीला घेऊन गेले. पोटात काही नव्हतं.

मॅडमनी खोदून विचारलं, तेव्हा पळणं आणि अर्धी भाकरी बाहेर आली. "एवढं दमवायचं आणि वर उपाशी ठेवायचं," त्या म्हणाल्या. "शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. मग ते पाळीचे हार्मोन आधी बंद करतं. अंगावर चरबी असली तरी करतं. कोणी सांगितलं होतं हे?"

"मीच पळत व्हते," वैनी म्हणाली. "मला घाई झाली व्हती."

मी शेजारच्या खुर्चीत भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत बसले.

"चालताना बोलता आलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "गाणं म्हणायला गेलात तर दम लागला पाहिजे. जोर तेवढाच ठेवायचा. आणि पोटभर जेवायचं."

घरी आई वैनीवर तुटून पडली. "दिवस न्हवते तर गप का बसलीस? बायकांत तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाई मला." वैनी "चुकलं, आत्या" एवढंच म्हणाली आणि मोरीशी बसून ओटीतल्या बांगड्या काढू लागली. मी साबण घेऊन गेले. साबण लागलाच नाही, आईनं जुन्याच मापानं आणलेल्या बांगड्या अलगद निघाल्या. मनगटं माझ्याच ट्रेनिंगनं उतरली होती.

पुढच्या आठवड्यात ती एकटी चालायला निघाली. मी मागून गेले. पुलापर्यंत दोघी गप्प.

"बोला की, ताई. मॅडमनी सांगितलंय, बोलता आलं पायजे."

मला दम लागला नव्हता, तरी बोलता येईना. डीपीजवळ आल्यावर एकदाचं बोलले. "वैनी, मला माहीत व्हतं. माझीबी थांबली व्हती. तुम्ही इचारलं तवा मी खोटं बोलले."

तिनं चाल कमी केली नाही. "मला दवाखान्यातच कळलं. मॅडम बोलत व्हत्या तवा तुम्ही एकदाबी माझ्याकडं बघितलं न्हाई."

"मग आईला का न्हाई सांगितलं?"

"माझ्या तोंडून आत्यांना बहाणा वाटला आसता."

येताना नकुशीकाकूंच्या ओट्यावर ओटीला आलेल्या त्या तिघी आणि आई शेवंती निवडत बसल्या होत्या. आम्ही दिसताच त्यांचं बोलणं थांबलं. वैनी मान खाली घालून पुढं निघाली. मी थांबले.

"आई, वैनी खोटं बोलली न्हाई. पाळी माझ्या पळवण्यानं थांबली, आन् मला ते माहीत व्हतं. ओटी भरली तवाबी माहीत व्हतं."

आईच्या हातातलं फूल हातातच राहिलं.

"हळू बोल गं," नकुशीकाकू म्हणाल्या, "रस्त्यावरचे ऐकत्यात."

मी परत तेच बोलले, मोठ्यानं. मला रडू आलं, पण शेवटपर्यंत बोलले.

वैनी पुढं कोपऱ्यावर थांबली होती. वळून न बघता म्हणाली, "चला, ताई. अजून दहा मिनिटं ऱ्हायल्यात."