गावाची पेरणी मी वाचवली

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आम्हा मुलींना दोघीदोघी करून गावं वाटून दिली. गावात राहायचं, शेतकऱ्यांना प्रात्यक्षिकं दाखवायची, वही भरायची. आमच्या वाट्याला बोरी अरबच्या पलीकडचा बंजाऱ्यांचा एक तांडा आला. जोडीला मिळालेली मुलगी तशाच एका तांड्यातली होती. मी यवतमाळची, मास्तराची पोर, हातात चांगल्या कॅमेऱ्याचा फोन.

निघायच्या आधी नोकऱ्या लावून देणारे सर वर्गावर आले. त्यांना स्वतःला आयुष्यात एकच नोकरी लागली होती, तीही सासऱ्याच्या ओळखीने. ते म्हणाले, "मार्क कोणी विचारत नाही. ऑनलाइन तुम्ही कोण आहात, ते दिसलं पाहिजे. रोज एक पोस्ट!" आठवडाभरात आमच्या वर्गातली पोरं, ज्यांना बांधावर उभं केलं तर मूग कोणता नि उडीद कोणता हे सांगता आलं नसतं, ती 'कृषी परिवर्तनाचा ध्यास' घेऊन बसली. जो तो भारावलेला. जो तो कृतज्ञ. कोणाबद्दल, ते कोणी लिहीत नव्हतं. मीही माझ्या नावाखाली 'ग्रामीण नेतृत्व' असं घातलं. तेव्हा मला गावात येऊन चार दिवस झाले होते, आणि त्यातले दोन मी तापाने अंथरुणात काढले होते.

पेरणी तोंडावर आली होती. तांड्यातल्या बऱ्याच घरी आदल्या वर्षीचं सोयाबीन बियाण्याला राखलेलं होतं. ते काढणीत भिजलं होतं, हे कळल्यावर माझी जोडीदारीण बेचैन झाली आणि घरोघर फिरू लागली. मी दारात उभी राहिले की बाया नुसत्या बघत राहायच्या. ती मात्र "याडी", म्हणजे आई, अशी हाक मारायची, त्यांच्याच गोरबोलीत बोलत थेट चुलीपाशी जाऊन बसायची. प्रत्येक घरचे शंभर दाणे तिने ओल्या गोणपाटात ओळीने मांडले, गुंडाळले, सावलीत ठेवले, रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी उलगडून बघितलं, तर कित्येक गोणपाटांत निम्म्या दाण्यांनाही कोंब नव्हते.

एक म्हातारा उखडला. "दोन पोट्ट्या मले पेरणं शिकवून राह्यल्या का?"

तिने वाद घातला नाही. गोणपाट त्याच्या पुढ्यात ठेवलं. "मामा, तुमीच मोजा."

त्याने दोनदा मोजलं. मग उठला आणि शेजारच्या घरी सांगायला गेला. ते बियाणं त्या वर्षी कोणी पेरलं नाही.

या सगळ्यात मी एकच गोष्ट केली. तिच्या हातात माझा फोन दिला, गोणपाटापाशी गुडघे टेकले आणि म्हटलं, "काढ." त्या गोणपाटाला मी हात लावला तो तेव्हाच, पहिल्यांदा. पोस्टीचं पहिलं वाक्य होतं, 'गावाची पेरणी मी वाचवली.' आधी 'आम्ही' लिहिलं होतं. वाचून बघितलं, तर 'मी' जास्त वजनदार वाटलं.

पोस्ट हजारो लोकांनी पुढे पाठवली. सरांनी फोन करून त्यात त्यांचं नाव जोडायला सांगितलं. मी जोडलं. कॉलेजात शाल-नारळ देऊन माझा सत्कार झाला. समोर तिसऱ्या रांगेत बसून ती टाळ्या वाजवत होती.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "त्यात माहं नाव काहून नाही वं?"

"अगं, लांब होत होतं," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि एसटी पकडायला निघून गेली.

मग एका बियाणे कंपनीचं बोलावणं आलं. मुलाखतीत बियाण्यावर एकही प्रश्न नाही. साहेब म्हणाले, "तुमची पोस्ट वाचली. शेतकऱ्याच्या काळजाला हात घालता तुम्ही." नेमणूक झाली ती कंपनीच्या पोस्टी लिहायला. चार वर्षं माती आणि बियाणं शिकून मी सकाळी 'सुप्रभात शेतकरी बंधूंनो' असं लिहू लागले. माझी लायकी त्यांनी अचूक ओळखली होती.

पुढच्या हंगामात तिचा फोन आला. "तुमच्या कंपनीच्या थैल्या आमच्याकडं उगवल्याच नाही. बारा घरची पेरणी मोडली. वरती कोणाले तरी सांग ना."

माझ्यासमोरच्या स्क्रीनवर साहेबांनी सांगितलेली पोस्ट अर्धी लिहून तयार होती : बियाणं खोल पेरलं की उगवण कमी होते, दोष बियाण्याचा नसतो. मी तिला म्हटलं, "तक्रारीचा नंबर पाठवते."

"तो थैलीवरच असते ना वं," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पोस्ट मी त्याच संध्याकाळी टाकली. वर एका हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो लावला.

ती बाराही घरच्यांना घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेली. पंचनामा करवून घेतला. कंपनीने थैल्या बदलून दिल्या, पण तोवर सोयाबीनची वेळ गेली होती. लोकांनी तूर टाकली. हे मला त्या तक्रारीची प्रत ऑफिसात आली तेव्हा कळलं. अर्ज तिच्या अक्षरात होता. ते अक्षर मी ओळखलं, कारण माझी वहीही तिनेच पूर्ण केली होती.

दिवाळीनंतर मी नोकरी सोडली. सोडली तर गप्प बसावं ना? नाही. 'मूल्यांशी तडजोड नको' म्हणून लांबलचक पोस्ट लिहिली. लोकांनी मला धाडसी म्हटलं. सरांनी सगळ्यांत आधी अभिनंदन केलं, आणि ज्या साहेबांनी ती खोटी पोस्ट लिहून घेतली होती, त्यांनीही खाली टाळ्या वाजवल्या. त्यावर दोन नव्या नोकऱ्यांची विचारणा झाली. त्यांतली एक मी घेतली.

तिला फोन करायचा म्हणून दोनतीनदा नंबर काढला. काय बोलायचं ते जुळवायला बसले, की पोस्टीत शोभतील अशीच वाक्यं सुचायची. मग फोन ठेवून द्यायचे.