सिरीयल लागंना

आमच्या नवी पेठेतल्या गच्चीवर टीव्हीची डिश नीट करायला आलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. त्याचं सिग्नल मोजायचं मीटर जुनं होतं. त्यात उपग्रहाची नवी माहिती लॅपटॉपमधून भरावी लागायची. तो केबल जोडायचा, पडद्याकडे बघायचा आणि मीटरला थोपटून म्हणायचा, "बोल की बाबा."

शेवटी तो पुटपुटला, "सिरीयल लागंना."

"कुठली? सातची?" जिन्यातून आईनं घाबरून विचारलं. त्या मालिकेत आज लग्न होतं.

"तसली न्हाय मावशी. ही वायरची. लॅपटॉप मीटरला जोडायच्या ह्या केबललाबी सिरीयलच म्हणत्यात."

त्यानं केबलचं टोक उघडलं आणि हसला. "मीटर अन् लॅपटॉप, दोघंबी नुसतं बोलाय लागलेत. ऐकणारं कुणीच न्हाय." त्यानं आतल्या दोन तारांची, बोलायच्या आणि ऐकायच्या, अदलाबदल केली. मीटर लगेच वाजलं आणि सातच्या आत टीव्हीही लागला.

चहा घेताना त्यानं सहज विचारलं, "नवरी कोण म्हणायची?" आईनं पहिल्या भागापासून सुरुवात केली. कप रिकामा झाला तरी तो "व्हय?", "मग?" करत बसून राहिला. मी मोबाईलमध्ये होतो.

तो निघताना आई म्हणाली, "उद्या येशील का?"

"का मावशी, अजून काय बिघडलंय?"

"काही नाही," आई म्हणाली.