दमाची जागा

सन तीसच्या आसपास मी रोज आगरदांड्याहून खाडीपलीकडे दिघीला जायचो. होडी यायला वेळ असला की किनाऱ्यावर मासेमारीच्या मचव्यांवर नक्षी कोरणाऱ्या एका म्हाताऱ्याजवळ जाऊन बसायचो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना तो पटाशीच्या मुठीने हनुवटी खाजवायचा, आणि काम सांगायला आलेल्याला आधी गायला लावून त्या गाण्याचीच नक्षी काढायचा. लावणी म्हटली की लाकडावरची वेल गिरकी घेऊन मध्येच मुरडायची. भजनाची रेघ संथ जायची आणि फिरून निघाल्या जागी यायची.

एकदा एक कोळीण आली. होळीआधी समुद्रावर गेलेला तिचा नवरा परतला नव्हता. वल्ही मारताना तो म्हणायचा ते गाणं तिला दिराच्या नव्या मचव्यावर हवं होतं. डोळे मिटून तिने ते म्हटलं. म्हातारा मान खाली घालून ऐकत राहिला.

आठवड्याने मचव्याची फळी पुरी झाली. लांब लाटा एकीमागून एक चढत होत्या, पण प्रत्येक लाटेनंतर बोटभर लाकूड कोरंच होतं. मला ते मुळीच आवडलं नाही.

"चाचा, हे राहिलं वाटतं."

"राहिलं न्हाय. गान्यात तिथं काय न्हाय, तर मी कुठून आनू?"

तेवढ्यात कोळीण आली. तिने एका लाटेवरून बोट फिरवत नेलं आणि कोऱ्या जागेवर थांबवलं.

"हितं त्ये दम घ्यायचे," ती म्हणाली, आणि बोट तिथून उचलेना.