दोन मिनिटांची चीज

मुंबईत प्लेग यायच्या आधीची ती वर्षं. गिरगावात मुगभाटाजवळ एका पारशी घड्याळजीच्या दुकानाच्या माडीवर आम्ही गाणी धरत असू. ‘धरणं’ हाच आमचा शब्द होता. मेणाची एक नळी, तिच्यावर टेकलेली सुई, सुईला जोडलेला कर्णा आणि कर्ण्यापुढे गाणारं माणूस. नळी दोन मिनिटांत भरायची. त्या दोन मिनिटांसाठी कोणी कुठे बसायचं हे ठरवणं माझं काम. सारंगीवाला कर्ण्याला जवळजवळ चिकटून, गवई हातभर मागे आणि तबला पार जिन्याच्या तोंडाशी. नाहीतर नळीवर तबल्याशिवाय काही उरत नसे. वेळ संपत आली की मी गवयाच्या खांद्याला बोट लावायचं. मोठमोठे गवई त्या बोटाला घाबरत. मी त्यांच्याहून जास्त घाबरे, कारण एवढ्या मोठ्या माणसाला गाताना थांबवणारा मी कोण? मराठी चौथीतून शाळा सोडलेला.

मालवणहून आगबोटीनं आलो तेव्हा धक्क्यावर मला उतरवून घ्यायला आमच्याच गावचा एक तबलजी उभा होता. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. फणसवाडीतल्या त्याच्या एका खोलीत मला अंथरुणापुरती जागा मिळाली, त्याच्या बायकोच्या हातचं जेवण मिळालं आणि घड्याळजीकडे शब्द टाकून हे कामही त्यानंच मिळवून दिलं. त्यातलं काहीच मी आजवर विसरलेलो नाही.

ठाकुरद्वारच्या मागच्या बाजूला एक गाणाऱ्या बाई राहत, मूळच्या गोव्याकडच्या. त्यांच्या गुरूंनी त्यांना एक चीज दिली होती, दुसऱ्या कोणाला न दिलेली. ती त्यांनी मैफलीत गाणं कधीच सोडून दिलं होतं. पहिल्या बैठकीत मुलीनं ती गायची, म्हणून राखून ठेवली होती. आमच्या गाण्याबजावण्याच्या लोकांत हा प्रकार सर्वांना ठाऊक होता. मुलीसाठी दागिना ठेवावा तशी चीज ठेवत. आणि दागिन्यासारखीच तिच्यावर नजरही असे. नाटक मंडळ्यांना पदांसाठी सारख्या नव्या चाली लागत. एक चाल लोकांच्या तोंडी बसली की अख्खं नाटक तरून जाई. बाई मुलीला शिकवताना खिडक्या लावून घ्यायच्या.

पण बाईंचा गळा बसू लागला. मुलीची अर्धीच तालीम झाली होती. म्हणून एका सकाळी त्या आमच्या माडीचा जिना चढून आल्या.

“एकदाच गाईन,” त्या मला म्हणाल्या. “आणि हे मेण माझ्या मुलीशिवाय कोणाच्या कानात जाता कामा नये.”

“कपाटाला कुलूप आहे, बाई.”

“कुलपाला किल्ली असते. तू काय म्हणतोस ते सांग.”

“नाही जाणार. माझा शब्द.”

साथीला माझा गाववालाच होता, यंत्रापाशी घड्याळजी. बाई गायल्या. गळा फाटत होता, तरी सूर जागच्या जागी. संपल्यावर जिन्याच्या तोंडाशी बसलेला तो खोटं वाटू नये इतक्या प्रेमानं म्हणाला, “बाई, सोनं हो, सोनं!” तेव्हा ते खरंच प्रेम असेल. मी अजूनही तसंच समजतो.

त्यानंतर मुलगी यायची, रबराच्या नळ्या कानाला लावून एकदा ऐकायची आणि निघून जायची. रोज नाही, कारण दर ऐकण्याला मेण झिजतं. कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला असे. आंघोळीला जाताना तेवढी मी खोलीतल्या खुंटीला अडकवी. आपल्या माणसाच्या घरात आणखी कुठे लपवायची?

पुढे चीज मुलीच्या गळ्यावर चढली आणि तिचं येणं थांबलं. त्याच सुमारास गाववाल्याला एका नाटक मंडळीत तबलजीची जागा मिळाली. मला इतका आनंद झाला की मीच आळीत पेढे वाटले. नवीन नाटक लागलं. त्यानं सगळ्या चाळीला बोलावलं. मला मात्र म्हणाला, “तुका नाटक काय समाजतला? जांभये देत रवशीत.”

मला चेष्टा वाटली. मी घड्याळजीबरोबर गेलो. दुसऱ्या अंकात नायिका झालेला नट पुढे आला, पेटीनं सूर दिला आणि बाईंची चीज सुरू झाली. शब्द नवे होते, प्रेमाबिमाचे; चाल मात्र हरकतींसकट तीच. लोक ‘वन्स मोअर’ ओरडत होते. खाली तबल्यावर तो डोळे मिटून डोलत होता. शेजारून घड्याळजी मला कोपरानं ढोसत म्हणाला, “साला, आ तो आपणी नळी!”

सकाळी मी नळी लावून पाहिली. नुसती खरखर. तिच्यात खोल कुठेतरी बाई होत्या, विहिरीतून हाक मारावी तशा.

दुपारी तो जेवायला बसला होता.

“खुंटीवरच्या किल्लीवरून दुसरी करून घेतलीस ना? नळी किती वेळा वाजवलीस?”

“कसली नळी?”

“मी नाटक बघून आलोय.”

त्यानं घास गिळला. “मगे? चीज गेली खंय? बाईच्या गळ्यात आसा मां ती अजून.”

“मी बाईंना शब्द दिला होता.”

“तुका मुंबैत थारो दिल्यान कोणी? बायेन?”

त्याची बायको आमच्या मध्ये भाताचं पातेलं ठेवत म्हणाली, “आदी जेवा, मगे झगडा.” तिला बिचारीला काहीच ठाऊक नव्हतं. मी जेवलो.

तसाच बाईंकडे गेलो आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मुलगी शेजारी तंबोरा पुसत होती.

“तुझ्या घरातला माणूस?” बाईंनी विचारलं.

“मी त्याच्या घरात राहतो.”

“म्हणजे एकच झालं.” मग मुलीकडे वळल्या. “बैठक ठरली आहे. तू तीच गायचीस. आपली आहे ती.”

बैठकीला मला बोलावणं नव्हतं. मी बाईंच्या घराच्या जिन्यात उभा राहिलो. आत गिरगावातली चार जाणती माणसं होती, काही शेटमंडळी होती. मुलीनं मुखडा घेतला. काय गोड घेतला! आणि पुढच्या रांगेतून कोणीतरी खुशीत येऊन म्हणालं, “वाहवा! नाटकातलं पद! होऊन जाऊ दे!” दोघातिघांनी तर नाटकातले शब्दच गुणगुणायला सुरुवात केली. मुलगी थांबली. तंबोरे तेवढे वाजत राहिले.

“दुसरं घे,” बाई म्हणाल्या.

मुलीनं दुसरं घेतलं. बरं झालं म्हणे. मी तोवर जिना उतरलो होतो.

घरी येऊन वळकटी बांधली. लालबागला गिरणीत कामाला असलेल्या गावच्या पोरांची एक खोली होती, तिथे कोणी ना कोणी आत घेईल एवढाच विचार केला होता. गाववाला दाराला टेकून पाहत होता.

“खंय जातलंस? लालबागेत तुका कोण जेवूक घालतलो?”

मला ठाऊक नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं, वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि वळकटी खांद्यावर घेतली.