कानाची सोय

आमच्या समोरच्या फ्लॅटमधला तरुण बाप प्रत्येक वाक्य 'टेक्निकली'ने सुरू करतो. बायको रजा संपवून सोमवारी कामावर जाणार होती आणि दीड वर्षाच्या मुलीसाठी पाळणाघर काही ठरत नव्हतं. एका ठिकाणी कॅमेरे नव्हते. दुसरीकडे इतके होते, की त्याला संशय आला. वारज्यातलं तिसरं मी सुचवलेलं, म्हणून रविवारी मलाही सोबत नेलं.

तिथल्या बाईंनी मेथी निवडत त्याचे चाळीस प्रश्न ऐकून घेतले. मग त्यांनी एकच विचारला, "झोपताना काय लागतं हिला?"

तो मोबाइलमधली यादी वरखाली करत राहिला. शेवटी म्हणाला, "टेक्निकली, माझा कान. तो धरल्याशिवाय झोपत नाही."

"तो तुम्ही ऑफिसला नेणार असाल ना?" बाई म्हणाल्या.

बायको हसली. यानं मात्र यादीत गंभीरपणे लिहिलं, 'कानाची सोय नाही.' तरी प्रवेश घेतला, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

सोमवारी संध्याकाळी तो मुलीला घेऊन लिफ्टमध्ये भेटला.

"झोपली का दुपारी?" मी विचारलं.

"झोपली," तो म्हणाला. "बाईंचा कान धरून."

टेक्निकली म्हणायचं विसरला होता.